मोटार कोणाच्या हातीं द्यावी?

घोडा विकत घेणें हा एका दिवसाचा व्यवहार. तो राखणें हा वर्षानुवर्षांचा संसार. हें ज्याला पडताळून पाहावयाचें असेल त्यानें दत्तजयंतीच्या सुमारास नंदुरबार जिल्ह्यांतील सारंगखेड्यास जावें. तापीकांठच्या या गांवीं एकमुखी दत्ताची यात्रा भरते, आणि तिच्यांतील घोड्यांच्या बाजारासाठीं परप्रांतांतूनहि व्यापारी येतात. उमदीं, मोलाचीं जनावरें तेथें हातोहात विकलीं जातात. विकणारा पैसे कमरेला लावून आपल्या वाटेनें निघून जातो. पुढें नाल कोणी ठोकावी, खरारा कोणी करावा, पोटशूळ उठल्यास औषध कोणी द्यावें, हें सारें घेणारा आपल्या गांवच्या नालबंदाकडून, मोतद्दाराकडून आणि पशुवैद्याकडून करवून घेतो. 'नाल आमच्याच माणसाकडून मारून घ्या, नाहीं तर घोड्याची हमी संपली,' असें बजावणारा घोडेविक्या त्या बाजारांत कोणाला भेटला नसेल.

मोटारीचें मात्र तसें नाहीं. नंदुरबारचा एखादा मिरचीचा व्यापारी, डॉक्टर किंवा शहाद्याकडील ऊसवाला बागाईतदार जेव्हां एखादी महागडी जर्मन बनावटीची मोटार घेतो, तेव्हां गाडीबरोबर एक प्रश्नहि त्याच्या दारांत येऊन उभा राहतो. तिची देखभाल कंपनीच्या अधिकृत सेवाकेंद्रांत करावी, कीं जवळच्या एखाद्या जाणत्या स्वतंत्र मिस्त्रीच्या हातीं तिला सोंपवावें? अधिकृत केंद्रासाठीं सुरतेची किंवा नाशकाची वाट धरावी लागते, म्हणजे एका दिशेला दीडशे किलोमीटरांहून अधिक रस्ता. वरवर पाहतां हा घरगुती जमाखर्चाचा प्रश्न वाटतो. परंतु त्याच्या मागें शंभरांहून अधिक वर्षांचा इतिहास आहे, आणि तो ध्यानांत घेतल्यावांचून दिलेलें उत्तर बहुधा अर्धवट ठरतें.

या देशांत मोटार प्रथम आली ती राजेरजवाड्यांची हौस म्हणून. १९०८ सालीं मुंबई ते कोल्हापूर अशी मोटारींची एक कसोटी घेण्यांत आली. सुमारें ६२० मैलांची दौड आणि वाटेंत सहा अवघड घाट, असें तिचें स्वरूप होतें. रोल्स-रॉइस कंपनीच्या 'पर्ल ऑफ दि ईस्ट' नांवाच्या गाडीनें तींत यश मिळविलें, व पुढें ती ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनीं विकत घेतली. अशा कसोटीनें गाडी किती टिकाऊ आहे हें संस्थानिकांना कळलें. बिघडल्यास काय करावें, हें मात्र ज्याचें त्यालाच ठरवावें लागलें. गाडी घडविणारा इंग्लंडांत, आणि सुटा भाग मागवावयाचा तर बोटीची वाट पाहावयाची. म्हणून फीलखाना आणि पागा यांच्या पंक्तीला मोटारखाना येऊन बसला. कोल्हापूर, ग्वाल्हेर, बडोदें या मराठी राज्यांपैकीं बडोद्याचा सोनगड-व्याऱ्याचा मुलूख तर नवापूरच्या सीमेलाच भिडलेला होता. तात्पर्य, पहिल्या महागड्या मोटारींची निगा विकणाऱ्यानें राखली असें नव्हे. ती मालकाच्या पदरच्या कारागिरांनीं राखली.

खालसा मुलखांतील गृहस्थाला पदरीं मोटारखाना ठेवणें परवडण्यासारखें नव्हतें. १९०६ सालीं खानदेशाचे दोन जिल्हे झाले आणि नंदुरबार पश्चिम खानदेशांत पडलें. हा कापसाचा मुलूख. जिनिंगच्या कारखान्यांतील इंजिनांवर हात बसलेले फिटर येथें होतेच. कोणत्याहि यंत्राच्या पोटांत डोकावण्याची संवय ज्याला झाली त्याला कार्बुरेटर आणि मॅग्नेटो हीं कांहीं परग्रहावरचीं प्रकरणें नव्हेत. जुनी मोटार ही उघड्या पोथीसारखी होती. जो पाना हातीं घेईल आणि धीर धरील त्याला ती वाचतां येत असे. त्या काळचा मिस्त्री अक्षरशत्रु असला तरी यंत्रशत्रु नव्हता.

पुढें परदेशी कंपन्यांनीं येथेंच बस्तान बसविलें. फोर्डनें १९२६ सालीं भारतांत आपली कंपनी काढली. जनरल मोटर्सनें १९२८ सालीं मुंबईंत शिवडी येथें गाड्या जुळविण्याचा कारखाना उघडला. कंपनीचा एजंट आणि त्याचें वर्कशॉप ही संस्था येथें रुजली ती याच काळांत. आतां मोटारवाल्याला निवड करण्यास जागा मिळाली, असें वाटूं लागलें. परंतु स्वातंत्र्यानंतर टॅरिफ कमिशननें १९५३ सालीं असें सुचविलें कीं, ज्यांना येथें पूर्ण गाडी बनवावयाची नाहीं, नुसते भाग जुळवावयाचे आहेत, त्यांना येथें थारा नसावा. आणि या दोन्ही कंपन्या निघून गेल्या. त्यांच्या गाड्या मात्र गेल्या नाहींत. शेवरोले आणि फोर्ड पुढें वर्षानुवर्षें आमच्या रस्त्यांवर धांवत राहिल्या. त्यांना चालतें कोणीं ठेविलें? कंपनीच्या मोहरबंद कागदानें नव्हे, तर कुर्ल्याच्या बाजारांत जुने भाग धुंडाळणाऱ्या आणि न मिळाल्यास लेथवर स्वतः कातून घेणाऱ्या स्वतंत्र मिस्त्रीनें.

ही गोष्ट शिळी म्हणून सोडून देण्यासारखी नाहीं. याच दोन कंपन्या पुनः भारतांत आल्या आणि पुनः मागें फिरल्या. जनरल मोटर्सनें २०१७ सालीं येथील विक्री थांबविली, व तिचा तळेगांवचा कारखानाहि २०२० च्या अखेरीस बंद पडला. फोर्डनें सप्टेंबर २०२१ मध्यें येथील उत्पादन थांबविण्याचें जाहीर केलें. जुन्या ग्राहकांना सेवा देण्याची व्यवस्था त्यांनीं ठेविली, हें न्यायानें सांगितलें पाहिजे. तथापि इतिहासाचा धडा स्पष्ट आहे. गाडीचें आयुष्य आणि कंपनीच्या दुकानाचें आयुष्य हीं एकाच दोरीनें बांधलेलीं नसतात.

मधल्या काळाला स्वतंत्र मिस्त्रीचें सुवर्णयुग म्हणण्यास हरकत नाहीं. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून पुढें फियाटच्या परवान्यावर गाड्या निघूं लागल्या. परवान्यांच्या त्या राज्यांत गाडीसाठीं वर्षानुवर्षें थांबावें लागे, हें ग्राहकाचें दुर्दैव. पण तेंच तेंच यंत्र दशकानुदशकें फारसा बदल न होतां बनत राहिलें, हें मिस्त्रीचें सुदैव. एका पिढीचें ज्ञान दुसऱ्या पिढीला जसेंच्या तसें कामीं येई. खेड्यांतल्या गॅरेजांत पाने देणारा पोरगा दहा वर्षांनीं स्वतः उस्ताद होत असे.

या युगाचा शेवट झाला तो महागडी गाडी येथें बनूं लागली तेव्हां. मर्सिडीज-बेंझनें १९९४ सालीं भारतांत कंपनी काढून पुण्याजवळ पिंपरीस गाड्या जुळविण्यास आरंभ केला, आणि २००९ सालीं ती चाकणच्या स्वतःच्या कारखान्यांत गेली. स्कोडा आणि ऑडी यांनीं औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगरास, जोडणी आरंभिली. परदेशी गाडी मराठी मुलखांत घडूं लागली. परंतु तिचें ज्ञान मात्र परदेशीच राहिलें. कारण मोटारीच्या पोटांत आतां संगणक जाऊन बसला होता. इंजिन, गिअर, ब्रेक, दिवे, खिडक्या या प्रत्येकावर देखरेख करणारीं निरनिराळीं नियंत्रक यंत्रें असतात आणि तीं आपापसांत बोलत असतात. दोष झाला कीं त्याची खूण सांकेतिक अंकांत उमटते. त्यांतील कांहीं अंक सर्व गाड्यांना समान असल्यामुळें ते साध्या स्कॅनरनेंहि वाचतां येतात. पुष्कळसे मात्र प्रत्येक कंपनीचे स्वतःचे असतात, आणि ते उलगडण्यास तिचेंच उपकरण लागतें. इतकेंच काय, कांहीं गाड्यांत नवी बॅटरी बसविली तरी तिची नोंद संगणकांत करावी लागते. विजेवर चालणारा हँडब्रेक असेल तर मागचे ब्रेकपॅड बदलण्यापूर्वीं गाडीला तशी आज्ञा द्यावी लागते. पोथी उघडी होती ती मिटली आणि तिला कुलूप लागलें. मिस्त्रीचा हात जेथल्या तेथें राहिला. किल्ली दुसऱ्याच्या खिशांत गेली.

या कुलपाचा खटला शेवटीं सरकारदरबारीं गेला. २०११ सालीं एका ग्राहकानें भारतीय स्पर्धा आयोगाकडे तीन मोटार-कंपन्यांविरुद्ध तक्रार केली. चौकशी वाढत वाढत अनेक कंपन्यांपर्यंत पोंचली, आणि २५ ऑगस्ट २०१४ रोजीं आयोगानें चौदा कंपन्यांना मिळून सुमारें २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्यांत मर्सिडीज, बीएमडब्ल्यू, स्कोडा यांच्याबरोबर टाटा आणि महिंद्र हीं घरचीं नांवेंहि होतीं. अस्सल सुटे भाग आणि दोष शोधण्याचीं उपकरणें स्वतंत्र गॅरेजांना मिळूं न देणें, हें आयोगाच्या मतें स्पर्धेचा गळा आवळणें होतें. कंपन्यांचें म्हणणें असें कीं, अर्धशिक्षित हातांनीं गाडी उघडल्यास जिवाला धोका, आणि भाग खुले केल्यास नकली मालाचा सुळसुळाट. आयोगानें ही सबब मान्य केली नाहीं. भाग, माहिती आणि उपकरणें खुलीं करा. तसेंच गाडी बाहेरच्या मिस्त्रीला दाखविली एवढ्याच कारणास्तव सरसकट हमी रद्द होईल अशी अट घालूं नका, असें त्यानें फर्माविलें. मिस्त्रीच्या सदोष कामामुळेंच बिघाड झाला असेल तर तेवढ्यापुरती हमी नाकारण्याची मोकळीक अर्थातच राहिली. पुढें प्रकरण अपिलांत गेलें. पण प्रश्न एकदां चव्हाट्यावर आला तो आलाच. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या मतदारांनीं २०१२ सालीं मोटारदुरुस्तीच्या हक्काचा कायदा मतदानानें मंजूर केला होता. आमच्या केंद्र सरकारनेंहि २०२२ च्या अखेरीस दुरुस्तीच्या हक्कासाठीं संकेतस्थळ उघडलें, व त्यांत मोटारींचा समावेश केला.

आतां व्यवहाराकडे वळूं. कंपन्यांची बाजू सर्वस्वीं खोटी नाहीं. अपघातांत फुगणाऱ्या हवेच्या पिशव्या, संकरित वा विजेच्या गाड्यांतील उच्च दाबाची बॅटरी, संगणकाची नवी आज्ञावली, किंवा कंपनीनें स्वतःच दोष कबूल करून परत बोलाविलेली गाडी, हीं कामें कंपनीच्याच दारीं नेणें शहाणपणाचें. हमीची मुदत चालू असेतों तर तेथेंच जावें; ज्या सेवेचे पैसे गाडीच्या किमतींत आपण आधींच मोजले, ती सोडून देणें हें औदार्य नव्हे, अजागळपणा होय. परंतु मुदत संपल्यावर हिशेब पालटतो. तेल, गाळण्या, ब्रेक, सस्पेन्शन यांसाठीं सुरतेची वारी करावयाची, गाडी तेथें दोन दिवस ठेवावयाची आणि वर मोठ्या शहराच्या दरानें मजुरी मोजावयाची, यांत शहाणपण कमी आणि भीति अधिक असते. ज्या बॉश किंवा झेडएफसारख्या कारखान्यांतून गाडीचे भाग मूळ कंपनीस जातात, त्यांचे भाग त्यांच्याच नांवानें बाजारांतहि मिळतात. प्रत्येक भागावर कंपनीचा शिक्का असलाच पाहिजे असें नाहीं.

मात्र मिस्त्री निवडावयाचा तो त्याच्या गोड बोलण्यावरून नव्हे. त्या जातीच्या गाडीचें उपकरण त्याच्याजवळ आहे काय, तें अद्ययावत आहे काय, काढलेला जुना भाग तो परत दाखवितो काय, वापरलेल्या तेलाची प्रत आणि भागाचा क्रमांक लिहून पक्की पावती देतो काय, आणि 'हें काम माझ्या आवांक्यांतलें नाहीं' असें म्हणण्याचा प्रामाणिकपणा त्याच्या ठायीं आहे काय, या पांच प्रश्नांत त्याची परीक्षा होते. यांतला शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. आवाज ऐकून दोष सांगणाऱ्या जुन्या उस्तादाचा आम्हांस आदर आहे. पण जेथें दोष आवाज न करतां अंकांत बोलतो, तेथें नुसता कान पुरत नाहीं.

१ जुलै १९९८ रोजीं धुळ्यापासून वेगळा झालेला नंदुरबार हा सातपुड्याच्या कुशींतला जिल्हा. नवापुरावरून सुरत-धुळ्याचा राजरस्ता जातो, तर धडगांवची वाट चांदसैलीसारख्या घाटांतून चढते. अशा घाटांत पावसाळी संध्याकाळीं गाडी अडली तर नाशकाचें चकचकीत सेवाकेंद्र काय उपयोगाचें? तेथें धांवून येतो तो शहाद्याचा किंवा तळोद्याचा मिस्त्रीच. त्याला ज्ञान नाकारलें तर नुकसान एकट्या श्रीमंताचें होत नाहीं. आज जें कुलूप महागड्या गाडीला आहे तें उद्यां टॅक्सीला, ट्रॅक्टरला आणि रुग्णवाहिकेला लागतें. त्या दिवशीं खोळंबणारा मनुष्य हौशी नसेल. तो पेरणीच्या दिवशीं बांधावर उभा असलेला शेतकरी असेल, किंवा अक्राणीच्या डोंगरांतून दवाखान्याकडे निघालेली बाळंतीण असेल.

म्हणून कंपनीचें केंद्र कीं स्वतंत्र मिस्त्री, या प्रश्नाचें आमचें उत्तर एकाच नांवानें देतां येत नाहीं. निवड ही दोन पर्याय खरोखर उभे असतांनाच निवड असते. एकाच्या हातीं सारें ज्ञान आणि दुसऱ्याच्या हातीं नुसता पाना, अशा स्थितींत ग्राहक निवडीत नाहीं, शरण जातो. धनवंत मोटारवाल्यानें आपल्या जिल्ह्यांतील एखाद्या होतकरू मिस्त्रीला हमीबाहेरचें काम दिलें, त्याच्याकडून पक्की पावती मागितली आणि उपकरण घेण्याइतकें काम त्याला मिळवून दिलें, तर तो स्वतःचे पैसे वाचवीलच. शिवाय एक विद्या आपल्या मुलखांत राखील. संस्थानिकांनीं मोटारखाने स्वतःसाठीं उभारले. आतां ते गांवासाठीं उभारण्याची वेळ आली आहे.