बादलीभर पाणी आणि अब्राम मिसबाई

आमच्या घरात धर्मावर चर्चा अशी कधी झाली नाही, गोष्टी मात्र खूप झाल्या. त्यातली सगळ्यांत जास्त वेळा ऐकलेली गोष्ट आगीची. आजी सांगायची तेव्हा तीत पाण्याची बादली असायची, आजीची धाकटी बहीण सांगायची तेव्हा घागर. दोघी भांडायच्या, पण माघार कुणीच घेत नसे. दोघींनीही ती आपल्या आईच्या तोंडून ऐकलेली. ही माझी पणजी म्हणजे छपन्याच्या दुष्काळात, 1900 साली, गुजरातेतून पंडिता रमाबाईंच्या माणसांनी पुणे जिल्ह्यातल्या केडगावला, रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये, आणलेल्या मुलींपैकी एक. उतरली तेव्हा मराठीचा शब्द येत नव्हता, आणि आपल्या गावाचं नावही धड सांगता येत नव्हतं.

पणजीच्या गोष्टीत ‘बाई’ म्हणजे रमाबाई, आणि ‘अब्राम मिसबाई’ म्हणजे मिनी अब्रॅम्स. रमाबाईंवर पुष्कळ लिहिलं गेलंय. या मिसबाईंचं नाव आपल्याकडे आता फारसं कुणाला ठाऊक नसतं.

मिनी अब्रॅम्स यांचा जन्म 1859 सालचा, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनचा. शिकागोत मिशनऱ्यांसाठी काढलेल्या शाळेत त्या तयार झाल्या आणि 1887 मध्ये मेथडिस्ट मिशनतर्फे मुंबईला आल्या. इथे त्यांच्या वाट्याला मुलींची वसतिशाळा आली. हजेरीपट, फीचा हिशेब, स्वयंपाकघरातलं धान्य, महिनाअखेरचा अहवाल. बाईने घरदार सोडून समुद्र ओलांडला तो शुभवर्तमान सांगायला, आणि दिवस जाणार कोठीच्या किल्ल्या सांभाळण्यात! परदेशी मिशनरी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे टोपीवाला, हुकूम सोडणारा साहेब उभा राहतो. संस्थेच्या कारभारात जखडलेली बाई उभी राहत नाही. मराठी मात्र त्यांनी मन लावून शिकून घेतली, आणि खेड्यापाड्यांतून बायकांशी बोलत फिरायचं हेच आपलं काम, हे मनाशी ठरवलं.

1898 च्या सुरुवातीला रमाबाईंना अमेरिकेला जावं लागलं. तिकडे त्यांना मदत करणाऱ्या मंडळाची दहा वर्षांची मुदत संपत आली होती. तेव्हा केडगावच्या मुक्तीचा भार ज्यांच्यावर आला, त्यांत मिसबाई होत्या. त्या आल्या आणि इथेच रमल्या, जुन्या संस्थेचं काम सुटलं. मुक्तीत ठरलेला पगार नव्हता, वर मेथडिस्ट मिशनची कमिटी नव्हती, आणि मुख्य म्हणजे सगळ्यांवर होती ती एक मराठी बाई. गोऱ्या मिशनरीने देशी स्त्रीच्या हाताखाली काम करायचं, ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती. माझ्या मते मिसबाईंच्या सुटकेची सुरुवात इथे झाली, आगीच्या रात्री नव्हे.

आता ती रात्र. 1905 च्या जानेवारीत रमाबाईंनी मुलींना विचारलं होतं, रोज एकत्र प्रार्थनेला कोण कोण बसेल? सत्तरेक जणी पुढे आल्या. जूनपर्यंत तो आकडा साडेपाचशेवर गेला, तेही दिवसातून दोनदा. जूनच्या अखेरीस एका पहाटे, साडेतीनच्या सुमाराला, मोठ्या मुलींपैकी एक जागी झाली. अंगाची आग होतेय म्हणून ओरडू लागली. शेजारच्या मुलीने पाहिलं तर हिच्याभोवती खरोखरच ज्वाळा. ती धावत सुटली, पाण्याची बादली भरून आणली, आता ओतणार, तोच तिच्या लक्षात आलं की काही जळत नाहीये.

आजी इथे नेहमी थांबायची आणि म्हणायची, “पाणी सांडलं नाही बरं का. परत नेऊन ठेवलं.” केडगाव सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतलं, तिथे पाणी तोलूनमापूनच वापरायचं. बादली परत नेल्याचं छापील हकिकतीत माझ्या तरी वाचनात आलेलं नाही, पण मला आगीपेक्षा तेच जास्त खरं वाटतं. दुष्काळ पाहिलेली मुलगीच असं करील.

मिसबाईंना कुणीतरी उठवायला गेलं. त्या आल्या तेव्हा खोलीतल्या मुली गुडघ्यांवर होत्या, रडत होत्या, चोरलेल्या सुईपासून मनातल्या द्वेषापर्यंत सगळं कबूल करत होत्या. दुसऱ्या दिवशी रमाबाई योहानाच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय शिकवत होत्या. येशू दास्य आणि स्वातंत्र्य यांविषयी बोलतो तोच हा अध्याय. मध्येच सगळ्या मुली मोठ्याने प्रार्थना करू लागल्या आणि शिकवणं राहून गेलं.

पुढचे महिने केडगावात प्रार्थनेचा नुसता कल्लोळ. शेकडो कंठ एकदम. बाहेरच्या काही मिशनऱ्यांना हे असभ्य वाटलं, वर्तमानपत्रांतून टीकाही झाली. मिसबाई स्वतः मेथडिस्ट शिस्तीत वाढलेल्या, म्हणजे एकाने बोलायचं, बाकीच्यांनी ‘आमेन’ म्हणायचं. त्यांनी मुलींना गप्प केलं असतं तर ते त्यांच्या वळणाला धरूनच झालं असतं. पण त्या उलट मुलींशेजारी जाऊन बसल्या. रमाबाईंचं तर स्पष्ट मत होतं की भारतीय माणसाला त्याच्या स्वभावाप्रमाणे देवाकडे रडू द्यावं, पश्चिमेच्या रीतीने मोजू नये. ज्यांना मिसबाई बाराखडी शिकवत होत्या, त्याच मुलींनी त्यांना ते शिकवलं जे शिकागोच्या शाळेत मिळालं नव्हतं. लवकरच सातशेच्या आसपास मुलींनी खेड्यांत जाऊन प्रार्थना करण्यासाठी नावं दिली, रोज साठेक जणी आळीपाळीने बाहेर पडत. किल्ल्यांच्या जुडग्यातून सुटलेली बाई त्यांच्याबरोबर निघाली.

1906 साली मिसबाईंनी पवित्र आत्म्याच्या बाप्तिस्म्यावर एक छोटं इंग्रजी पुस्तक लिहिलं, ते केडगावच्याच छापखान्यात छापलं. त्याची एक प्रत दक्षिण अमेरिकेत, चिलीच्या वालपराइसो शहरात, त्यांच्या जुन्या वर्गमैत्रिणीकडे, मे हूव्हरकडे पोचली. तिचा नवरा विलिस तिथला मेथडिस्ट पाळक. 1909 मध्ये त्यांच्या मंडळीत तशीच आत्मिक जागृती झाली, मेथडिस्ट वरिष्ठांशी बिनसलं आणि 1910 मध्ये चिलीची स्वतंत्र पेंटेकॉस्टल, म्हणजे पवित्र आत्म्याच्या बाप्तिस्म्यावर भर देणारी, चळवळ उभी राहिली. जगभरच्या पेंटेकॉस्टल चळवळीचा इतिहास लिहिणारे बरेचदा लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटपासून, म्हणजे 1906 च्या एप्रिलपासून सुरुवात करतात. केडगावची पहाट त्याच्या जवळपास दहा महिने आधीची.

यावर कुणी विचारील, आणि विचारलंच पाहिजे, की भुकेल्या मुलींच्या श्रद्धेला स्वातंत्र्य म्हणायचं का? पोटासाठी धर्म घेतला, हे रमाबाईंच्या हयातीतही बोललं गेलं. मी आजीला एकदा हेच विचारलं. ती चिडली नाही. म्हणाली, “आईला भाकरी मिळाली पहिल्याच दिवशी. रडली ती पाच वर्षांनी. भाकरीसाठी कुणी पाच वर्षं थांबून रडतं का?” प्रश्न यावर संपतो असं मी म्हणणार नाही. ज्या मुलीला दुसरं दारच उघडं नव्हतं, तिच्या निवडीविषयी ठाम बोलायला मला धीर होत नाही. पण पणजी पुढे आयुष्यभर कुणापुढे मान खाली घालून बोलली नाही, नवऱ्यापुढेही नाही, पाळकापुढेही नाही, हे घरातल्या सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

मिसबाई 1908 मध्ये अमेरिकेला गेल्या, तिथून तरुण स्त्रियांची तुकडी घेऊन परतल्या, उत्तर भारतात नवं काम सुरू केलं आणि 1912 मध्ये भारतातच वारल्या. मुक्ती मिशन केडगावला आजही चालू आहे.

बादली आणणाऱ्या मुलीचं नाव मला कुठेही सापडलेलं नाही. पश्चिम महाराष्ट्रातल्या, विशेषतः पुणे आणि नगरकडच्या ख्रिस्ती घरांत मुक्तीत वाढलेल्या बायकांच्या लेकी-नाती अजून आहेत, बऱ्याचशा ऐंशीच्या पुढच्या. तुमच्या घरात अशी कुणी आजी, मावशी असेल, तर तिच्याजवळ बसून तिला आठवतील ती नावं लिहून घ्या. बादली की घागर, हा वादही लिहून ठेवा.