सत्तर-तीसचा नियम आणि मराठवाड्यातला विद्यार्थी

आजचा विषय ऐकायला जरा सरकारी वाटेल. प्रवेशाचा अर्ज, तोही राज्यभर एकाच ठिकाणी भरायचा अर्ज. पण ज्यांच्या घरात बारावीचं मूल आहे त्यांना विचारा. मे-जून उजाडला की परभणीत काय, जिंतूर-गंगाखेडला काय, कॅप राउंड, ऑप्शन फॉर्म, कट-ऑफ याशिवाय दुसरं बोलणं नसतं. या अर्जाच्या मागे सत्तर वर्षांचा इतिहास आहे. आज मी त्यातला एकच धागा घेणार आहे. मराठवाड्यानं स्वतःच्या संरक्षणासाठी प्रादेशिक वाटा मागितला, आणि पुढे तोच वाटा रद्द करा म्हणून मराठवाड्यानंच आवाज उठवला. हे कसं झालं, ते बघू.

सुरुवात थोडी मागून करावी लागेल. परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानात विद्यापीठ एकच, १९१८ साली स्थापन झालेलं उस्मानिया, आणि तिथलं शिकवण्याचं माध्यम उर्दू. म्हणजे परभणीच्या मराठी मुलाला आधी भाषा ओलांडायची, मग हैदराबाद गाठायचं. संस्थान भारतात विलीन झाल्यावर चित्र हळूहळू बदललं. १९५० साली नांदेडला पीपल्स कॉलेज निघालं, त्याच साली औरंगाबादेत डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं कॉलेज सुरू झालं, तेच पुढचं मिलिंद महाविद्यालय. १९५६ साली परभणीत कृषी महाविद्यालय आणि औरंगाबादेत वैद्यकीय महाविद्यालय आलं. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ. आता पुण्या-मुंबईशी तुलना करा. मुंबईचं ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ चं. एकशे अकरा वर्षांचं अंतर आहे हे.

हे अंतर त्या वेळच्या पुढाऱ्यांना नीट माहीत होतं. म्हणून २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात एक कलम आलं. धंदेशिक्षण आणि शास्त्रीय शिक्षण देणाऱ्या संस्थांमधले प्रवेश लोकसंख्येच्या प्रमाणात मिळावेत, असं त्याचं म्हणणं. पुढे १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीतून कलम ३७१ (२) आलं. त्यातही विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी तांत्रिक शिक्षणाच्या पुरेशा सोयींची गोष्ट आहे. तेव्हा प्रादेशिक वाटा ही मेहेरबानी नव्हती, राज्य एकत्र येतानाच ठरलेली अट होती. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता प्रवेश प्रत्यक्षात कसे होत? जुन्या पद्धतीत प्रत्येक विद्यापीठाचं क्षेत्र हे एक कुंपण होतं. मराठवाडा विद्यापीठाच्या क्षेत्रातल्या वैद्यकीय महाविद्यालयात त्याच क्षेत्रात शिकलेल्या मुलांना प्रवेश, पुणे विद्यापीठाच्या क्षेत्रात पुण्याकडच्या. याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान मिळालं. आधी १९८४ चा प्रदीप जैन खटला, तो देशभराचा. मग १९८६ चा निदमर्ती महेशकुमार विरुद्ध महाराष्ट्र राज्य, तो थेट आपल्या राज्याचा. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं. सगळ्याच्या सगळ्या जागा एका भागापुरत्या ठेवणं हा समानतेचा भंग आहे. मात्र भाग मागास असेल तर तिथल्या मुलांना जास्त वाटा देता येईल, आणि त्याची मर्यादा सत्तर टक्के. उरलेल्या तीस टक्के जागा राज्याच्या गुणवत्ता यादीला खुल्या.

हाच आपला प्रसिद्ध सत्तर-तीसचा नियम. मराठवाड्यातल्या वैद्यकीय जागांपैकी सत्तर टक्के मराठवाड्यात शिकलेल्यांना, तीस टक्के सगळ्या राज्याला. विदर्भात तसंच, उर्वरित महाराष्ट्रातही तसंच. तो ज्या काळात आला त्या काळात मराठवाड्याला त्याची गरज होती. १९७४ साली मराठवाडा विकास आंदोलनात विद्यार्थी रस्त्यावर उतरले होते. इथल्या शाळेतला मुलगा मुंबईच्या मुलाशी गुणांत बरोबरी करू शकेल असं तेव्हा कुणाला वाटत नव्हतं. शिवाय एक साधा हिशेब होता. इथला मुलगा डॉक्टर झाला तर इथे दवाखाना काढील.

मग बिघडलं कुठे? नियम एकाच भागाला लागू असता तर प्रश्न वेगळा. तो तिन्ही भागांना सारखाच लागू झाला. सत्तर टक्के हा आकडा सगळीकडे तोच, पण कशाचे सत्तर टक्के? मी एक काल्पनिक हिशेब मांडतो, आकडे फक्त समजण्यापुरते आहेत. समजा एका भागात ४०० जागा आहेत आणि ८,००० मुलं स्पर्धेत आहेत. दुसऱ्या भागात २,००० जागा आणि २०,००० मुलं. सत्तर टक्के काढले तर पहिल्या भागात २८० जागा, म्हणजे साधारण २९ मुलांमागे एक. दुसऱ्या भागात १,४०० जागा, म्हणजे साधारण १४ मुलांमागे एक. बघा, टक्केवारी सारखी आहे, पण पहिल्या भागातल्या मुलाला दुप्पट स्पर्धा. ज्या भागात महाविद्यालयं कमी, त्या भागात हा नियम संरक्षण देण्याऐवजी मुलांना अडवून ठेवतो.

मराठवाड्यात राज्य सरकारची वैद्यकीय महाविद्यालयं बराच काळ चारच होती. औरंगाबाद, अंबाजोगाई, नांदेड, लातूर. उर्वरित महाराष्ट्रात एकट्या मुंबईतच अनेक, शिवाय पुणे, मिरज, सोलापूर, कोल्हापूर, धुळे. आणि त्याच काळात दुसरी गोष्ट घडत होती. लातूर आणि नांदेडमध्ये बारावीच्या अभ्यासाची एक शिस्त तयार झाली, लातूर पॅटर्न म्हणून ती राज्यभर गाजली. परभणी, सेलू, पाथरीची मुलं तिकडे खोल्या करून राहू लागली. मुलं पुढे गेली, जागा मात्र त्या वेगानं वाढल्या नाहीत. नियम जुनाच राहिला.

तरी हा अन्याय बराच काळ डोळ्यावर येत नव्हता, आणि याचं कारण आपल्या आजच्या विषयात आहे. जोवर याद्या वेगवेगळ्या होत्या, तोवर तुलनाच करता येत नव्हती. १९९३ च्या उन्नीकृष्णन निकालानंतर खाजगी महाविद्यालयांचे प्रवेशही शासकीय यंत्रणेमार्फत होऊ लागले. मग सीईटी आली. २००५ च्या इनामदार निकालात न्यायालयानं एक खिडकी पद्धतीवर भर दिला. २०१५ च्या कायद्यानंतर राज्याचा सीईटी कक्ष उभा राहिला. २०१७ पासून वैद्यकीयसाठी देशभर नीट. आता सगळी मुलं एक परीक्षा देतात, एका संकेतस्थळावर अर्ज भरतात, आणि सगळ्यांचे गुण एका यादीत दिसतात. त्यामुळे परभणीच्या पालकाला पहिल्यांदा समोर दिसलं, की आपल्या मुलीपेक्षा कमी गुण असलेल्या दुसऱ्या भागातल्या मुलाला जागा मिळाली आणि आपली मुलगी बाहेर राहिली.

इथे बाहेरच्या एका पद्धतीशी तुलना उपयोगी पडेल. इंग्लंडमध्ये १९६१ साली विद्यापीठांच्या प्रवेशासाठी मध्यवर्ती संस्था निघाली. आज तिला युकास म्हणतात. तिथे मध्यवर्ती कार्यालय अर्ज गोळा करतं आणि पोचवतं, कुणाला घ्यायचं हे विद्यापीठ ठरवतं. आपल्याकडे तसं नाही. आपल्याकडे वाटप मध्यवर्ती यंत्रणाच करते, गुण, प्रवर्ग आणि पसंतीक्रम बघून. मुलाखत नाही, प्राचार्यांची चिठ्ठी नाही. वशिला थांबला, हा फार मोठा फायदा. पण मग सगळा न्याय-अन्याय नियमाच्या एका ओळीत येऊन बसतो. ती ओळ चुकली तर दाद मागायला समोर माणूस नसतो.

मागणी वाढत गेली. मराठवाड्यातले पालक, विद्यार्थी आणि लोकप्रतिनिधी एका सुरात बोलले. ८ सप्टेंबर २०२० रोजी तेव्हाचे वैद्यकीय शिक्षणमंत्री अमित देशमुख यांनी सत्तर-तीसची पद्धत रद्द झाल्याची घोषणा विधिमंडळात केली. योगायोग बघा, त्याच वर्षी ३० एप्रिलला मराठवाडा विकास मंडळाची मुदत संपली होती. १९५३ च्या कराराच्या भावनेतून आलेल्या दोन गोष्टी एकाच वर्षात गेल्या. एक आपण मागून घालवली, दुसरी नुसती संपू दिली गेली. पहिलीचा आनंद साजरा झाला, दुसरीची चर्चा सामान्य घरांत फारशी झालीच नाही.

आता मला तुमच्यापुढे एक अडचणीचा प्रश्न ठेवायचाय. कुंपण गेलं याचा फायदा कुणाला? ज्याला लातूर-नांदेडचे क्लास परवडतात, त्याला नक्की. त्याला आता मुंबईचं, पुण्याचं दार मोकळं. पण सोनपेठ किंवा पालमच्या खेड्यातला, बरे गुण असलेला पण क्लास न लावलेला मुलगा आता राज्यभरच्या मुलांशी एकाच रांगेत उभा आहे. परभणीत २०२३ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, १०० जागांचं. किती वर्षांची मागणी होती ती. पण त्यातल्या राज्याच्या वाट्याच्या जागा राज्याच्या यादीतून भरतात. गावात महाविद्यालय आलं म्हणून गावच्या मुलाला जागा मिळेलच असं नाही. आणि शिकून बाहेर पडलेला डॉक्टर परभणीत राहील, हा जुना हिशेब आज कोण करतो?

माझं मत विचाराल तर सत्तर-तीस जायलाच हवा होता. मात्र नागपूर कराराचा मूळ मुद्दा जागांच्या वाटणीइतकाच सोयींचा होता. अर्ज एक केला म्हणून सोयी एक होत नाहीत. २०२५ पासून अकरावीचे प्रवेशही सगळ्या राज्यात ऑनलाइन झाले. त्याआधी परभणीचं मूल महाविद्यालयाच्या कार्यालयात जाऊन फॉर्म भरत होतं. पहिल्या वर्षी सुरुवातीलाच संकेतस्थळ बंद पडलं, ते तुम्ही अनुभवलंय. ज्याच्या घरी संगणक नाही तो सेवा केंद्रात जातो, आणि दहा महाविद्यालयांचा पसंतीक्रम पुष्कळदा केंद्रावरचा माणूस सुचवतो. पहिल्या पसंतीचं महाविद्यालय मिळालं तर ते घ्यावंच लागतं, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाद. हे ज्याला आधी कळलं नाही, त्याचं नुकसान कुठल्याही यादीत दिसत नाही.

तेव्हा इतिहासाकडून घ्यायचं ते एवढंच. एखादा नियम कुणाच्या बाजूचा आहे हे दर दहा-पंधरा वर्षांनी आकडे काढून तपासावं लागतं. १९८६ साली जो आपल्या बाजूचा होता तो २०२० पर्यंत आपल्या विरुद्ध गेला होता, आणि ते पहिल्यांदा ओळखलं अर्ज भरणाऱ्या घरांनी. आजच्या नियमाचंही तसंच होईल. तेव्हा परभणीच्या महाविद्यालयात परभणीची किती मुलं शिकतात, आणि त्यातली किती पुढे इथे राहतात, हे आकडे दरवर्षी मागत चला. माहितीचा अधिकार आपल्या हातात आहे.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.