पलटणीतील शिपाई आणि अधिकारी-प्रशिक्षणाची पात्रता

ब्रिटिशकालीन हिंदी सैन्यात साध्या शिपायाच्या बढतीची मर्यादा सुभेदार-मेजर या पदापाशी संपत असे. अनेक मोहिमा पाहिलेला सुभेदारही सँडहर्स्टहून नुकत्याच आलेल्या इंग्रज सेकंड लेफ्टनंटपेक्षा कनिष्ठच समजला जाई. 1917 मध्ये हिंदी लोकांना राजाचे कमिशन खुले झाले व पुढील वर्षापासून सँडहर्स्टमध्ये दरवर्षी दहा जागा राखून ठेवण्यात आल्या. तथापि तेथील खर्च आणि इंग्रजी शिक्षण पाहता त्या प्रामुख्याने संपन्न घराण्यांच्याच आवाक्यात होत्या.

1 ऑक्टोबर 1932 रोजी डेहराडून येथे सुरू झालेल्या इंडियन मिलिटरी अकॅडमीच्या पहिल्या तुकडीत चाळीस जागा होत्या : पंधरा खुल्या स्पर्धा परीक्षेद्वारे, दहा संस्थानी फौजांसाठी आणि पंधरा प्रत्यक्ष सैन्यातील शिपायांमधून. या तुकडीतून पुढे तीन देशांचे लष्करप्रमुख झाले. त्यांपैकी सॅम माणेकशॉ परीक्षा देऊन आले होते. पाकिस्तानचे महंमद मुसा आणि ब्रह्मदेशाचे स्मिथ डन हे दोघे मात्र मूळचे शिपाई. शिपायांच्या क्षमतेविषयी घेतल्या जाणाऱ्या शंकेला याहून बोलके उत्तर शोधण्याचे कारण नाही.

खरी अडचण क्षमतेची नव्हती, भरतीची होती. ‘लढाऊ जमाती’च्या सिद्धांतानुसार सैन्याने खेड्यांतील अल्पशिक्षित शेतकरी मुद्दाम पसंत केला आणि अधिकारीपदासाठी त्याच्याकडूनच इंग्रजी व पुस्तकी शिक्षणाची अपेक्षा ठेवली. ही दरी भरून काढण्यासाठी 1929 मध्ये बुंदेलखंडातील नौगाव येथे किचनर कॉलेज स्थापन करावे लागले. शिवाय शिपायांसाठीच्या जागांचा लाभ मुळात शिपाई होऊ शकणाऱ्यालाच मिळणार होता. महाराष्ट्रापुरते पाहिल्यास, पहिल्या महायुद्धात 1917 मध्ये उभारलेली 111वी महार पलटण 1921 मध्ये मोडण्यात आली आणि महार रेजिमेंट उभी राहिली ती 1941 मध्ये. म्हणजे अकॅडमीचे दार शिपायासाठी उघडले त्या वर्षी महारांची स्वतःची पलटणच अस्तित्वात नव्हती. पात्रतेच्या नियमांत जातीचा उल्लेख करण्याची गरजच उरली नव्हती. ते काम भरतीच्या कचेरीत आधीच उरकले होते.

स्वातंत्र्योत्तर काळात, मे 1960 मध्ये, किचनर कॉलेजचे आर्मी कॅडेट कॉलेज झाले. ते पुढे पुण्यास व 1977 मध्ये डेहराडूनला हलविण्यात आले. येथे निवड झालेला जवान तीन वर्षांत जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची पदवी घेतो आणि मगच अकॅडमीतील एका वर्षाच्या प्रशिक्षणास जातो.