एसी-हीटरच्या बटणांमागचा बल्ब उडालाय? पावसाळ्याआधीच बदलून घ्या

महाड/पोलादपूर : जुन्या गाडीत एसी, हीटर आणि पंख्याच्या बटणांमागे छोटे बल्ब असतात. वर्षानुवर्षे जळून आणि खड्ड्यांचे हादरे खाऊन ते उडतात. दिवसा काही अडत नाही, म्हणून दुरुस्ती राहून जाते. अडचण कळते ती पावसाळ्यात रात्री, पोलादपूरहून महाबळेश्वरला जाणाऱ्या आंबेनळी घाटात किंवा महाडहून भोरकडे जाणाऱ्या वरंध घाटात. बाहेर धुके, गाडीत पाच-सहा भिजलेली माणसे. पुढची काच धुरकटते आणि ऐन वळणावर ड्रायव्हर अंधारात बटण चाचपत बसतो.

काच का धुरकटते?
श्वासातली आणि ओल्या कपड्यांतली वाफ थंड काचेवर धरते. एसी हवेतला ओलावा काढून घेतो. म्हणून हवेचा झोत काचेकडे वळवून एसी चालू करावा आणि बाहेरची हवा आत येऊ द्यावी. एसी नसेल तर हीटरची गरम हवा काचेवर सोडावी. वाफ काचेच्या बाहेरून धरली असेल तर वायपर फिरवावा आणि एसीचा गारवा कमी करावा.

बल्बच उडालाय का?
पार्किंग लाइट लावून पाहावे. मीटरसकट सगळा डॅशबोर्ड अंधारात असेल तर आधी फ्यूज आणि उजेड कमी-जास्त करायचे बटण तपासावे. फक्त एसीची पट्टी अंधारी असेल तर बहुतेक बल्बच गेलेला असतो.

बल्ब कसा बदलावा?
१. गाडी बंद करून बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवावी. एअरबॅग असलेल्या गाडीत पिवळ्या कनेक्टरला हात लावू नये.
२. गोल बटणे बहुतेक गाड्यांत सरळ ओढली की निघतात. फ्रेमचे स्क्रू काढून ती प्लास्टिकच्या पट्टीने हळू उचलावी. जुने प्लास्टिक कडक झालेले असते, स्क्रू ड्रायव्हर घातला की खटके तुटतात.
३. पॅनल हिसकून ओढू नये. मागे हवेची दिशा बदलणाऱ्या केबल असू शकतात.
४. होल्डर साधारण पाव फेरा डावीकडे फिरवून काढावा. बल्ब झाळलेला असेल तर काम ऑटो इलेक्ट्रिशियनकडे द्यावे.
५. जुना बल्ब सोबत घेऊन दुकानात जावे. १२ व्होल्टचा बारीक 'टी५' बल्ब साधारण १.२ वॅटचा असतो, जाड 'टी१०' साधारण ५ वॅटचा. उजेड जास्त पडेल म्हणून मोठ्या वॅटचा बल्ब घालू नये, उष्णतेने प्लास्टिक वितळते.
६. एलईडी कमी तापतो, पण तो लागला नाही तर उलटा करून बसवून पाहावा.
७. पॅनल बंद करण्याआधी बॅटरीची तार जोडून लाइट लावून बघावा.

तोपर्यंत काय करावे?
गाडी दारात उभी असताना न बघता बटणे फिरवायचा सराव करावा. चालत्या गाडीत मोबाईलची बॅटरी लावून बटण शोधू नये. घाटात काच धुरकटली तर वेग कमी करावा, वळण सोडून रुंद जागी गाडी बाजूला घ्यावी, चारही इंडिकेटर लावावेत आणि काच साफ झाल्यावरच पुढे निघावे.