चर्चची पत आणि जातीची पत

चर्चमध्ये लोक फक्त देवासाठी जातात, असा आपल्याकडे समज आहे. इतिहास वेगळे सांगतो.

1904 साली समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर अमेरिकेत गेले. नॉर्थ कॅरोलायनातल्या माउंट एअरीजवळ थंडगार पाण्यात चाललेला बाप्तिस्मा त्यांनी पाहिला. बाप्तिस्मा घेणाऱ्यांतल्या एकाला गावात बँक काढायची आहे, असे नातेवाइकाने त्यांना सांगितले. बँकेचा आणि बाप्तिस्म्याचा संबंध काय? बाप्टिस्ट मंडळी सभासद करून घेण्याआधी माणसाच्या वागणुकीची कसून चौकशी करत. त्यातून पार पडलेल्या माणसावर इतर पंथांचे लोकही पैशाच्या बाबतीत विश्वास ठेवत. सभासदत्व हीच पत होती.

इंग्लंडमधील क्वेकरांना सरकारी पदे आणि ऑक्सफर्ड-केंब्रिजची दारे बंद होती. ते व्यापारात शिरले. दिवाळे काढणाऱ्याला ते आपल्या संघातून काढून टाकत. बार्कलेज, लॉइड्स, कॅडबरी यांची मुळे क्वेकर घराण्यांत आहेत.

आमचा प्रश्न दाराबाहेरच्यांचा आहे. पत सभासदत्वातून मिळते, तर ज्याला बरोबरीने आत घेतलेच जात नाही त्याने काय करायचे? अमेरिकेत गोऱ्यांच्या चर्चमध्ये काळ्यांना वेगळे बसवत. फिलाडेल्फियात रिचर्ड ॲलन आणि ॲबसलम जोन्स यांनी 1787 साली फ्री आफ्रिकन सोसायटी काढली. सभासदांच्या मासिक वर्गणीतून गरजूंना आणि विधवांना मदत होई. तिथे बंधुभावातून एकाचे गिऱ्हाईक वाढले नाही, सगळ्यांचा आधार उभा राहिला.

आपल्याकडे बाजारातली पत जातीने वाटली. उधारी, गाळा, ओळख सगळे जातीतून. बाप्टिस्ट निदान वागणूक तपासत. जात फक्त जन्म तपासते. हिंदूची जबाबदारी आणि निष्ठा आपल्या जातीपुरतीच राहते, हे बाबासाहेबांनी 1936 साली 'जातिनिर्मूलन'मध्ये मांडलेच आहे.

म्हणून विहारात वंदना संपताच चेन मार्केटिंगची वही उघडणाऱ्यांना आमचा विरोध आहे. व्यापाराला विरोध नाही. आपल्या पोरांनी दुकाने, कारखाने काढलेच पाहिजेत. विहारात बचत गट चालवा, पतसंस्था उभी करा, हिशेब भिंतीवर लावा. पण धम्मबंधूच्या विश्वासावर कमिशन खाऊ नका. ज्यांना बाजाराने पत दिली नाही, त्यांच्याकडे एकमेकांवरचा विश्वास हेच भांडवल आहे. ते एकाच्या खिशात जाता कामा नये.

जय भीम!