संगमनेर : स्थानिक इतिहासाची साधने व त्यांचे जतन

अहिल्यानगर (२०२४ पूर्वीचे नाव अहमदनगर) जिल्ह्यात प्रवरा व म्हाळुंगी या नद्यांच्या संगमावर वसलेल्या संगमनेर शहराच्या इतिहासाची साधने लेखी व मौखिक अशा दोन प्रकारची आहेत. ताम्रपट, बखरी, महसुली दप्तरे व नगरपालिकेच्या नोंदवह्या ही पहिल्या, तर पोवाडे, आख्यायिका, स्थलनामे व वृद्धांच्या आठवणी ही दुसऱ्या प्रकारची साधने होत. राजवटींचा इतिहास बव्हंशी पहिल्या प्रकारच्या साधनांवर लिहिता येतो. विणकर, विडी कामगार व शेतमजूर यांचा इतिहास मात्र दुसऱ्या प्रकाराच्या आधाराशिवाय पुरा होत नाही.

लेखी साधने : यादव राजा दुसरा भिल्लम याचा शके ९२२ (इ. स. १०००) मधील संगमनेर ताम्रपट हे येथील महत्त्वाचे प्राचीन साधन होय. पेशवाईतील परगण्यांचे हिशेब व पत्रव्यवहार पुणे येथील पेशवे दप्तरात असून त्यांतील निवडक कागद गो. स. सरदेसाई यांनी १९३०–३४ या काळात ४५ खंडांत प्रसिद्ध केले. ब्रिटिश अमदानीतील जिल्ह्याचे वर्णन १८८४ च्या गॅझेटियरमध्ये आढळते; त्याची सुधारित आवृत्ती १९७६ मध्ये निघाली. अहमदनगर येथे १९६० मध्ये स्थापन झालेले ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय जिल्ह्यातील जुन्या वस्तू व कागदपत्रे सांभाळीत आले आहे. मात्र जन्म-मृत्यूच्या नोंदी, गावकामगारांची दप्तरे व घरोघरचे खाजगी कागद यांना असे संरक्षण क्वचितच लाभते. यांपैकी पुष्कळ कागद मोडी लिपीत आहेत आणि ती वाचणारे थोडेच उरले आहेत. कुणबी नोंदींच्या शोधासाठी २०२३ मध्ये शासनाने न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, तेव्हा राज्यभर अशी दप्तरे तपासण्यात आली व मोडी जाणकारांची गरज भासली. एखाद्या कुटुंबाचा हक्क जीर्ण नोंदवहीच्या एका ओळीवर अवलंबून असू शकतो, हे त्यातून स्पष्ट झाले.

मौखिक परंपरा : लेखी व मौखिक साधनांतील सीमारेषा नेहमीच ठळक नसते. जालना लुटून परतणाऱ्या शिवाजी महाराजांच्या सैन्याची १६७९ मध्ये मोगलांशी लढाई झाली. तीत सिदोजी निंबाळकर पडले व बहिर्जीने सैन्य आडवाटेने पट्टा किल्ल्याकडे नेले. ही लढाई संगमनेरच्या परिसरात झाल्याचे मानले जाते. सभासदाने सु. अठरा वर्षांनी ती बखरीत नोंदविली. म्हणजे बखर ही देखील लेखनिविष्ट स्मृतीच होय. पट्ट्याचे विश्रामगड हे नाव महाराजांच्या तेथील मुक्कामाची आठवण देते.

संगमनेरचे शाहीर अनंत फंदी (१७४४–१८१९) यांच्या बाबतीतही असेच दिसते. अहिल्याबाई होळकरांच्या उपदेशाने त्यांनी तमाशा सोडून कीर्तनाची कास धरली, ही आख्यायिका प्रसिद्ध आहे. तिला समकालीन कागदाइतके प्रामाण्य देता येत नाही. परंतु शाहिराकडे समाज कोणत्या दृष्टीने पाहत होता, हे ती सांगते. शाहिरी वाङ्‌मयाचा बराच भाग गाणाऱ्यांच्या मुखीच टिकून होता. हॅरी ॲक्वर्थ व शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी १८९१ मध्ये पोवाड्यांचा संग्रह छापला नसता, तर त्यातील पुष्कळसे नष्ट झाले असते.

श्रमिकांच्या आठवणी : हातमाग व विडी हे संगमनेरचे जुने व्यवसाय. विडी व सिगार कामगार अधिनियम १९६६ मध्ये झाल्यावर हजेरीपत्रके व मजुरीच्या नोंदी यांना कायद्याचा आधार मिळाला. तथापि पाने कापणे, घरातील मुलींनी हात लावणे, बाद ठरविलेल्या विड्यांवरून होणारे वाद, संघटनेच्या पहिल्या सभा या गोष्टी बहुतांशी स्त्रियांच्या आठवणींतच आहेत. १९७२ च्या दुष्काळातील खडी फोडण्याच्या कामांचेही तसेच आहे : सरकारी कागद मजुरांची संख्या देतात, त्या मजुरांचे जिणे त्यांत येत नाही.

अशा आठवणींचे शास्त्रशुद्ध संकलन कोलंबिया विद्यापीठात ॲलन नेव्हिन्स यांनी १९४८ मध्ये सुरू केले. मराठीत उर्मिला पवार व मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांच्या मुलाखतींवर आधारलेला ग्रंथ १९८९ मध्ये प्रसिद्ध करून या पद्धतीचे सामर्थ्य दाखविले.

जतनाची पद्धती : मुलाखतीसोबत सांगणाऱ्याचे वय, व्यवसाय, स्थळ व दिनांक नोंदवावे लागतात आणि त्याची संमती घ्यावी लागते. बोलीतील शब्द प्रमाण भाषेत न बदलता उतरवून मूळ ध्वनिमुद्रण जपणे आवश्यक असते. स्मृतीत सनावळी सहसा टिकत नाही. म्हणून पूर, दुष्काळ, अपत्यजन्म अशा घटनांच्या आधारे काळ ठरवून तो नोंदवहीशी ताडून पाहतात. उलट नोंदवहीतील गाळलेली माणसे स्मृतीमुळे सापडतात. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ हा शासकीय कागदांना लागू आहे. खाजगी रुमाल व आठवणी यांची जबाबदारी नगरवाचनालये, १९६१ मध्ये स्थापन झालेल्या संगमनेर महाविद्यालयासारख्या शिक्षणसंस्था आणि स्वतः नागरिक यांच्यावरच येते. कागद बांधून ठेवल्यास पुढील पिढीला वाचता येतो. १९७२ चा दुष्काळ अनुभवलेल्या कामकरी पिढीने मात्र आता सत्तरी गाठली वा ओलांडली आहे, त्यामुळे या कामात मुलाखतींना अग्रक्रम देणे इष्ट ठरते.