भाजलेल्या जखमा आणि वनौषधी

पुणे : स्वयंपाकघरात हात भाजला, की लक्ष जाते ते कुंडीतल्या कोरफडीकडे किंवा हळदीच्या डब्याकडे. या उपचारांना मोठी परंपरा आहे. सुश्रुतसंहितेत भाजण्याचे प्लुष्ट, दुर्दग्ध, सम्यग्दग्ध आणि अतिदग्ध असे चार प्रकार सांगितले असून, सम्यग्दग्ध जखमेवर वंशलोचन, चंदन, गेरू, गुळवेल आदींचा तुपातील लेप सुचविला आहे.

हळदीच्या जखम भरून काढण्याच्या गुणावर अमेरिकेत १९९५ मध्ये पेटंट देण्यात आले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे माजी संचालक डॉ. रघुनाथ माशेलकर या पेटंटला आव्हान दिले गेले तेव्हा 'सीएसआयआर'चे महासंचालक होते. या संस्थेने जुने लिखित पुरावे सादर केल्यानंतर १९९७ मध्ये ते रद्द झाले.

मुंबईतील डॉक्टरांनी उकडलेल्या बटाट्याची साल आणि केळीचे पान यांची निर्जंतुक मलमपट्टी भाजलेल्या रुग्णांवर वापरून पाहिली. केळीचे गुळगुळीत पान जखमेला चिकटत नाही. त्यामुळे पट्टी बदलताना वेदना कमी होतात आणि खर्चही वाचतो.

मात्र, या पट्ट्या रुग्णालयात निर्जंतुक केलेल्या होत्या. बागेतून तोडलेले पान किंवा डब्यातील हळद उघड्या जखमेवर लावल्यास जंतुसंसर्ग होऊ शकतो, शिवाय जखमेची खोली झाकली जाते. भाजलेला भाग प्रथम वीस मिनिटे नळाच्या थंड पाण्याखाली धरावा. बर्फ, टूथपेस्ट टाळावी, फोड फोडू नयेत. जखम खोल वा मोठी असल्यास, चेहरा भाजल्यास, तसेच बालके व वृद्ध यांच्या बाबतीत विनाविलंब रुग्णालय गाठावे. कोरफडीचा विचार करायचा तो किरकोळ, न फुटलेल्या भाजण्यापुरताच.